पदकं मोजून भागत नाही: स्पीडवेतले बापलेक, क्रम्प आणि लुईस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. स्पीडवेत, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींत, ऑस्ट्रेलियाचा जेसन क्रम्प तीन वेळा विश्वविजेता झाला, त्याचे वडील फिल क्रम्प जागतिक फायनलमध्ये जास्तीत जास्त तिसरे आले, मग मुलगा बापापेक्षा कितीतरी सरस असं सरळ म्हणायला हरकत काय? आणि विजय मांजरेकरांची कसोटीतली सरासरी ३९.१२, संजयची ३७.१४, असे दोन आकडे शेजारी ठेवून क्रिकेटमध्ये वाद घालता येतो, तसे स्पीडवेत ठेवता येतील का?

जेसन मोठा, हे सांगायला माझी गरज नाही. किती मोठा आणि ते मोजायचं कशानं, इथे खरी गोची आहे. मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षं संध्याकाळी पिट्समध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या तयार करायच्या जागेत, इंजिनं उघडण्यात घालवली. पुढे संघ बांधणाऱ्यांना रायडरांच्या सरासऱ्या लावून द्यायचं काम अंगावर आलं. त्यामुळे या खेळातल्या आकड्यांकडे मी जरा संशयानंच बघतो. उत्तर लांबेल.

इथे बऱ्याच जणांनी हा खेळ पाहिला नसेल म्हणून दोन ओळी. अंडाकृती, सैल मातीचा ट्रॅक. चार रायडर, चार फेऱ्या, घड्याळाच्या उलट दिशेनं. ५०० सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, मिथेनॉलवर चालणारं. गिअर एकच आणि ब्रेक नाहीत. वळणावर मागचं चाक बाहेर फेकत गाडी आडवी घसरवायची. अशा एका शर्यतीला हीट म्हणतात, साधारण मिनिटाभरात ती संपते. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, शेवटच्याला शून्य.

आता सरासरी. इंग्लिश लीगमध्ये रायडरचे एकूण गुण घेतात, त्यात बोनस मिळवतात, शर्यतींच्या संख्येनं भागतात आणि चारनं गुणतात. लीगच्या हीटमध्ये दोन्ही संघांचे दोन-दोन रायडर असतात. बोनस म्हणजे काय, तर आपल्याच जोडीदाराच्या लगेच मागे पण प्रतिस्पर्ध्याच्या पुढे आलात तर एक गुण जादा. समजा चार हीटमध्ये ३, २, ३, १ असे नऊ गुण झाले आणि त्यातला दोनाचा आकडा जोडीदाराच्या मागोमाग आला होता. मग त्या सामन्यापुरती सरासरी दहा. वर बाराची भिंत आहे, ती ओलांडता येत नाही. दहाच्या पुढे असलेला माणूस संघाचा पहिला रायडर असतो, सहाच्या आसपासचा मधल्या फळीतला.

क्रिकेटशी तुलना इथेच तुटते. खेळपट्ट्या सोप्या झाल्या, बॅट जाड झाल्या, सीमारेषा आत आल्या की सगळ्यांच्याच धावा वाढू शकतात. स्पीडवेत ते शक्य नाही. प्रत्येक हीटच्या टोपलीत सहाच भाकऱ्या. चौघांनी वाटून घ्यायच्या. गाड्या दुप्पट वेगवान झाल्या तरी सातवी येत नाही. त्यामुळे १९७५ सालच्या लीगमधल्या सगळ्या रायडरांची मिळून सरासरी काढा किंवा २००५ सालची, बोनस सोडला तर ती सहाच्या जवळपासच येणार. म्हणजे बापाची दहा आणि मुलाची दहा यांचा अर्थ एवढाच की दोघंही आपापल्या काळातल्या, आपापल्या लीगमधल्या लोकांपेक्षा सारखेच वर होते. वेगाबद्दल हा आकडा एक अक्षर बोलत नाही. एका परीनं हे बरंच आहे, कारण काळाचा फरक त्यानं आपोआप धुऊन काढलेला असतो. पण मग सगळा भार एकाच प्रश्नावर येतो: ती लीग कुणाकुणाची होती?

फिल क्रम्प ज्या सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश लीगमध्ये होता, तिथे इव्हान मॉगर, ओले ऑल्सेन, पीटर कॉलिन्स असे जवळपास सगळे मोठे लोक आठवड्यातून अनेकदा एकमेकांना भिडत. पूर्व युरोपातले बहुतेक रायडर तेवढे बाहेर. जेसनच्या उमेदीत चित्र हळूहळू फिरलं. पैसा पोलंडकडे गेला आणि पैशामागे रायडर. एकाच आठवड्यात इंग्लंड, स्वीडन, पोलंड अशा तीन लीगमध्ये धावणं नेहमीचं झालं, आणि इंग्लंडची लीग विरळ होत गेली. म्हणून जेसनचा इंग्लंडमधला आकडा फिलच्या इंग्लंडमधल्या आकड्याशेजारी ठेवला तर नाव एक, लीग वेगळी. मी असं करायचं टाळतो. जेसनसाठी पोलंडची लीग बघतो, फिलसाठी इंग्लंडची, कारण आपापल्या काळात कठीण बाजार तिथे भरत होता. हा माझा निवाडा आहे, नियम नव्हे. कुणी वेगळं वजन दिलं तर मी भांडणार नाही.

पदकांचं काय? १९९४ पर्यंत विश्वविजेता सहसा एका रात्रीत ठरायचा. सोळा रायडर, वीस हीट, प्रत्येकाच्या वाट्याला पाच शर्यती, प्रत्येकाशी एकदा गाठ, कमाल १५ गुण. एकदा चेन तुटली, एकदा सुरुवातीच्या रेषेवरच्या फितींना, म्हणजे टेप्सला, शिवून बाद झालात, तर तीन गुण गेले आणि त्यांच्याबरोबर वर्ष गेलं. त्या रात्रीपर्यंत पोचायलाही पात्रता फेऱ्यांची माळ, आणि त्यातली कुठलीही एक दुपार वाईट गेली की संपलं. फिल तिसरा आला तो १९७६ मध्ये पोलंडमधल्या खोझूवच्या अशाच फायनलमध्ये. पहिला कॉलिन्स, दुसरा माल्कम सिमन्स.

१९९५ पासून ग्रां प्री मालिका आली आणि वर्षभरातल्या अनेक फेऱ्यांचे, म्हणजे ठिकठिकाणच्या स्पर्धांचे, गुण एकत्र धरले जाऊ लागले. पहिल्याच वर्षी हान्स नीलसन एकही फेरी न जिंकता विश्वविजेता झाला. जुन्या पद्धतीत अशी गोष्ट कल्पनेतही बसली नसती. ही पद्धत सातत्याला पैसे देते आणि जेसन म्हणजे सातत्य. २००१ ते २०१० अशी सलग दहा वर्षं तो पहिल्या तिघांत होता: २००४, २००६ आणि २००९ मध्ये पहिला, पाच वेळा दुसरा, दोन वेळा तिसरा. या मालिकेच्या आतही नियम एकसारखे नव्हते. २००४ पर्यंत चोवीस रायडरांची बाद फेरीची पद्धत होती, २००५ पासून सोळा रायडर आणि उपांत्य-अंतिम हीट. म्हणजे त्याची पहिली आणि दुसरी विजेतेपदंसुद्धा एकाच मापाची नाहीत.

तुमच्या हिशेबातली चूक इथे आहे. दहा पदकं विरुद्ध एक, या दोन आकड्यांत गुणवत्तेचा फरक आहे आणि पद्धतीचाही. जेसनला १९७६ च्या पद्धतीत ठेवलं तर दहातली काही पदकं एखाद्या बंद पडलेल्या इंजिनानं खाल्ली असती. फिलला मालिका मिळाली असती तर त्याच्या नावावर एकाहून जास्त पदकं दिसली असती, असं मला वाटतं. तीन विजेतेपदं दिसली असती का? नाही वाटत. जेसन सर्वोत्तम असतानाच्या वर्षांत त्याच्यासमोर टोनी रिकार्डसन आणि निकी पेडरसन होते. त्यांना मागे टाकायला लागते ती धार बापात तेवढी नव्हती. माझ्या मते फरक खरा आहे, फक्त पदकांच्या तक्त्यात दिसतो त्याहून लहान.

आणि एक रकाना तुम्ही बघितलाच नाही. १९७६ मध्येच लंडनच्या व्हाइट सिटीत ऑस्ट्रेलियानं सांघिक विश्वचषक जिंकला, त्या संघात फिल होता. ऑस्ट्रेलियाला पुढचा तसा चषक थेट १९९९ मध्ये मिळाला, त्या संघात जेसन. मग २००१ आणि २००२, पुन्हा जेसनसह. वैयक्तिक पदकांत बापलेकांमध्ये जी दरी दिसते, ती इथे बरीच बुजते.

मेकॅनिक म्हणून मला सगळ्यात रंजक वाटतो तो या घराण्यातला तिसरा माणूस, नील स्ट्रीट. फिलचा सासरा, म्हणजे जेसनच्या आईचे वडील. स्वतः रायडर, पण हात इंजिनाचे. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेकांकडे दोन व्हॉल्व्हची जावा असायची. आपल्याकडे जुन्या लोकांनी रस्त्यावर पाहिलेल्या जावाचीच ही चेक बहीण. स्ट्रीटनं त्या इंजिनावर चार व्हॉल्व्हचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, बसवायची सोय तयार केली, आणि ते जावयाच्या गाडीवर धावलं. त्याच सुमारास वेस्लेक या इंग्लिश कंपनीचं चार व्हॉल्व्हचं इंजिन आलं आणि दोन व्हॉल्व्हवाल्यांचे दिवस भरले. चार व्हॉल्व्हमुळे इंजिन श्वास मोकळा घेतं. इंजिन जोरात फिरत असतानाही ताकद टिकते आणि सरळ पट्ट्यावर गाडी निघून जाते. पण तीच ताकद सुरुवातीला अंगावरही येते. क्लच सोडताना हात जरा उतावीळ झाला की चाक जागच्या जागी फिरतं आणि बाकीचे तिघं पहिल्या वळणावर पोचलेले असतात.

मुद्दा असा की फिलच्या सर्वोत्तम वर्षांत यंत्राचा फायदा काही काळ मोजक्यांकडे होता आणि तो त्यांतला एक होता. जेसनच्या काळापर्यंत चित्र सपाट झालेलं. जवळपास सगळ्यांकडे त्याच एक-दोन कंपन्यांची इंजिनं, फरक इंजिन जुळवून देणाऱ्या ट्यूनरच्या हातचा. उभं इंजिन जाऊन आडवं आलं तेही थोड्याच वर्षांत सगळ्यांकडे आलं. तेव्हा 'मुलाला चांगली गाडी मिळाली म्हणून तो पुढे गेला' हा जुन्या चाहत्यांचा लाडका युक्तिवाद क्रम्प घराण्यात उलटा लागू पडतो. यंत्राचा वरकड फायदा मिळाला असेल तर तो बापाला. मुलाला आजोबांकडून मिळालं ते वेगळं: इंजिन काय म्हणतंय हे लहानपणापासून ऐकायची सवय. ती कुठल्याच सरासरीत दिसत नाही.

तरीही क्रम्प बापलेक तुलनेसाठी वाईट जोडी आहे, असं मी म्हणेन. लीग, स्पर्धेची पद्धत, यंत्र, सगळंच बदललेलं. तुम्हाला हात बसवायचा असेल तर आधी लुईस घ्या.

जॉन लुईस आणि त्याचा मुलगा ख्रिस. दोघंही इंग्लंडच्या पूर्वेकडच्या इप्सविच क्लबचे, दोघांचं घरचं मैदान फॉक्सहॉल. दोघंही ब्रिटिश विजेते: जॉन १९७५ मध्ये, ख्रिस १९९८ आणि २००० मध्ये. आणि गंमत म्हणजे दोघंही एका रात्रीच्या जागतिक फायनलमध्ये तिसरे. जॉन १९७५ ला वेम्बलीत, ऑल्सेन आणि अँडर्स मिखानेकच्या मागे. ख्रिस १९९३ ला जर्मनीतल्या पॉकिंगला, सॅम अर्मोलेन्को आणि हान्स नीलसनच्या मागे. घरचा ट्रॅक एक, फायनलची पद्धत एक, निकाल एक. बापलेकांच्या तुलनेत याहून स्वच्छ प्रयोग मला तरी माहीत नाही.

मग दोघं सारखे का? मी जॉनला झुकतं माप देतो, त्याचं कारण वय. जॉन आधी स्क्रॅम्बलिंग करायचा, म्हणजे आजच्या भाषेत मोटोक्रॉस. स्पीडवेत आला तो १९७० मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर. १९७२ मध्ये, दोनच वर्षांत, तो वेम्बलीच्या जागतिक फायनलमध्ये होता. ज्या वयात स्पीडवेच्या रायडरला सांधे आणि कंबर आठवण करून द्यायला लागतात, त्या वयात हा माणूस गाडी आडवी घालायला शिकला. ख्रिस १९९० मध्ये एकवीस वर्षांखालचा विश्वविजेता झाला. बापाच्या बाजूला हा रकाना कोरा आहे, आणि तो बापाचा कमीपणा धरता येत नाही: त्या वयात जॉनला या खेळाशी देणंघेणंच नव्हतं. जेसनचं १९९५ चं एकवीस वर्षांखालचं विजेतेपदही असंच तुलनेतून बाजूला ठेवावं लागतं, कारण फिल त्या वयाचा असताना अशी स्पर्धाच नव्हती.

उलट बाजू सांगायला हवी. मोटोक्रॉसमधून आलेला माणूस अगदी कोरा नसतो. घसरणाऱ्या गाडीवर तोल आणि खडबडीत मातीवर लाइन धरायची अक्कल तो घेऊनच येतो. शिवाय १९७५ आणि १९७६ मध्ये इप्सविचनं ब्रिटिश लीग जिंकली. मजबूत संघात असलं की जोडीदारामागे येण्याचे बोनस वाढतात आणि सरासरी थोडी फुगते. संघात बाकी सगळे लंगडे असले तर उलटं होतं: पहिल्या रायडरला समोरच्या दोघांशी एकट्यानं लढावं लागतं. म्हणून शक्य असेल तिथे मी बोनस काढून टाकतो आणि फक्त परगावच्या सामन्यांचे गुण घेतो. घरच्या ट्रॅकवर रायडरला पाण्याचा टँकर कुठे जास्त ओततो इथपर्यंत माहिती असते. परक्या ट्रॅकवर, पहिल्या हीटला, वळणाचा अंदाज नसताना काढलेले दोन गुण मला घरच्या तीनपेक्षा जड वाटतात.

तुमच्यासारखे हिशेबी लोक इथे विचारतात: दोघांविरुद्धही धावलेला एखादा सामाईक रायडर घेतला तर? कल्पना चांगली आहे. हान्स नीलसन असा माणूस आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तो इंग्लंडात आला आणि नव्वदच्या शेवटापर्यंत धावला, म्हणजे दोन्ही बापांशी आणि दोन्ही मुलांशी त्याची गाठ पडली. पण हा पूल तिरका आहे. फिल आणि जॉनला भेटलेला नीलसन कोवळा, ख्रिसला १९९३ मध्ये भेटलेला नीलसन पूर्ण भरात, आणि जेसनला भेटलेला नीलसन उताराला लागलेला. नाव एक, रायडर तीन. वयाची दुरुस्ती न करता या पुलावरून कुणाला पलीकडे नेऊ नका.

'मोठ्या रायडरचा मुलगा कधी बापाएवढा होत नाही' असा एक शेरा तुम्ही शेवटी मारला आहे. त्यात अर्धंच तथ्य आहे. बाप आणि मुलगा दोघंही वैयक्तिक विश्वविजेते, असं स्पीडवेत आजवर झालेलं नाही. सहा वेळा जिंकलेल्या मॉगरचा मुलगा किम धावला, पण त्या उंचीच्या आसपास पोचला नाही. मात्र विश्वविजेत्यांकडून मागे वळून पाहिलं तर वेगळंच दिसतं. १९९२ चा विजेता गॅरी हॅव्हलॉक: वडील ब्रायन रायडर. २०१३, २०१५ आणि २०१८ चा विजेता ताय वॉफिंडन: वडील रॉब रायडर. जेसनचं सांगून झालं. तिन्ही बाप स्वतः विजेते नव्हते. यात काही गूढ नाही. विश्वविजेते बाप बोटांवर मोजण्याइतके, साधे रायडर बाप पुष्कळ, त्यामुळे विजेत्या मुलांचे बाप दुसऱ्या गटातून येण्याची शक्यताच मोठी.

शिवाय तुमच्या-माझ्यापर्यंत पोचतात ती नावं आधीच चाळून आलेली असतात. बापाच्या जुन्या लेदर सूटमध्ये, बापाच्याच सुट्या इंजिनावर दोन मोसम धावून शांतपणे दुसऱ्या नोकरीला लागलेली मुलं मी पिट्समध्ये पाहिली आहेत. त्यांना कुणी तुलनेत धरत नाही. धरलं तर 'रायडरचा मुलगा' असण्याचा फायदा बराच खाली येईल.

आणि मग चार वेळा विश्वविजेता झालेला बॅरी ब्रिग्ज आणि त्याचा मुलगा टोनी. टोनीची रायडर म्हणून कारकीर्द गंभीर दुखापतीनं आवरली. पुढे त्यानं वळणांवरच्या हवा भरलेल्या कुंपणावर काम केलं. आज मोठ्या ट्रॅकवर रायडर पडून लाकडी फळ्यांऐवजी त्या उशीवर आदळतात. या जोडीची सरासरी मला लावता येत नाही आणि लावायचीही नाही. पण जेसननंतरच्या पिढीचे आकडे वाचताना हे कुंपण लक्षात ठेवा. पूर्वी ज्या पडण्यानं अख्खा मोसम जायचा, त्यातून आता काही जण त्याच संध्याकाळी पुढच्या हीटला उभे राहतात, आणि त्या हीटचे गुण त्यांच्या नावावर चढतात.

तक्ता करायलाच बसणार असाल तर लुईसपासून सुरू करा. दोघांची सर्वोत्तम सलग पाच वर्षं निवडा, वय शेजारी लिहा, बोनस वगळा, परगावचे सामने वेगळे काढा, आणि त्या वर्षी त्या लीगमध्ये सरासरीत त्यांच्या वर किती जण होते तेवढं मोजा. मग क्रम्पकडे या. फिलसाठी ब्रिटिश लीग, जेसनसाठी पोलंडची. जागतिक पदकांचा रकाना सगळ्यात शेवटी भरा आणि त्यात एका रात्रीची फायनल आणि ग्रां प्री यांना दोन वेगळे रंग द्या. तक्ता झाला की इथेच टाका. बोनसचं गणित अडलं तर त्या मोसमाचं एखादं स्कोअरकार्ड सोबत जोडा, मी बघून सांगतो.